अर्ली डिसिजन करावी का, आणि करायची तर कुठे?

पुण्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगी बारावी सायन्सला, एचएससी बोर्ड. दहावीला ९६ टक्के, अकरावीला ८१, सॅट या अमेरिकन प्रवेशपरीक्षेत १५१०. कॉम्प्युटर सायन्स आणि अर्थशास्त्र दोन्हींची ओढ. जेईईचा क्लास सुरू आहेच. आम्ही दोघंही नोकरीत; वर्षाला ३० लाखांपर्यंत जमेल, त्यापुढे नाही. कन्सल्टंट म्हणतो, ‘अर्ली डिसिजनने चान्स तिप्पट होतो, एखादी आयव्ही लीग टाकून बघा.’ टाकावी का? कुठे?

अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी: अमेरिकेतल्या एकाच कॉलेजला नोव्हेंबरात लवकर अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचा करार करायचा. आयव्ही लीग म्हणजे तिथल्या आठ जुन्या, नामवंत खासगी विद्यापीठांचा गट. तिप्पट हा आकडा येतो कुठून, ते आधी बघू. ब्राउन युनिव्हर्सिटी घ्या. २०२५ च्या प्रवेशासाठी तिथे ईडीने ५,०४८ अर्ज आले आणि ९०६ जणांना घेतलं. जवळपास १८ टक्के. त्याच वर्षी सगळे अर्ज धरून प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास होतं. अठराला साडेपाचाने भागा, झाले तिप्पट. ड्यूकला त्या वर्षी ईडीत ६,६२७ पैकी ८४९, म्हणजे १२.८ टक्के, आणि रेग्युलरला, म्हणजे जानेवारीच्या नेहमीच्या फेरीत, चार टक्क्यांच्याही आत. तुमचा कन्सल्टंट खोटं बोलत नाही. त्याने फक्त अर्धा कागद दाखवला.

त्या ९०६ मध्ये कोण कोण बसलेलं असतं? आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, पण प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेली मुलं बहुतेक ईडीतूनच येतात. रोइंग, स्क्वॉश, फेन्सिंग, लॅक्रॉस. त्यांचं उन्हाळ्यातच जवळजवळ ठरलेलं असतं, नोव्हेंबरचा अर्ज हा उपचार. मग माजी विद्यार्थ्यांची मुलं आणि तिथल्या प्राध्यापकांची मुलं. कमी उत्पन्नाच्या अमेरिकन घरांतल्या हुशार मुलांसाठी क्वेस्टब्रिज नावाची योजना आहे, तिची मुलंही काही कॉलेजं याच आकड्यात धरतात. एवढी मंडळी वजा केली की पुण्याच्या, खेळात नाव नसलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीसाठी उरतो तो दर बराच खालचा. फायदा पूर्ण पुसला जात नाही. १९९० च्या दशकातल्या अर्जांचा अभ्यास करून हार्वर्डच्या अभ्यासकांनी तो सॅटच्या सुमारे १०० गुणांएवढा असल्याचं दाखवलं होतं. तेव्हापासून खूप पाणी वाहून गेलंय, पण फायदा असतो हे मीही बघते. फक्त तो सगळ्यांना सारखा मिळत नाही.

आणि कॉलेज हा फायदा देतं कशासाठी? त्यांना डिसेंबरातच पक्कं कळतं की हा विद्यार्थी येणारच. मार्च-एप्रिलमध्ये शंभर जणांना हो म्हणायचं आणि त्यातले चाळीसच येतात की साठ येतात याची वाट बघत बसायचं, ही त्यांची दरवर्षीची डोकेदुखी. पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी, म्हणजे पेन, आपली जवळपास अर्धी तुकडी ईडीतूनच भरते. येणार हे पक्कं, आणि वर पूर्ण फी भरणारा, असा विद्यार्थी मिळाला तर त्यांचं दुहेरी काम होतं. इथेच तुमचं घोडं अडणार आहे.

नियम बहुतेकांना माहीत असतात, तेव्हा भराभर सांगते. ईडी एकाच कॉलेजला करता येते. अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत, निकाल डिसेंबरच्या मध्याला. करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या. प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे आणि तिथेच जायचं. सुटका एकाच कारणाने: आर्थिक मदत मागितली होती आणि मिळालेल्या मदतीत शिकणं शक्य नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी, कॅलटेक यांच्याकडे ईडी नाहीच. त्यांच्याकडे अर्ली ॲक्शन आहे, ती बांधून घालत नाही. मात्र एमआयटी सोडली तर बाकीच्या पाचांची अर्ली ॲक्शन ‘फक्त आमच्याकडेच’ अशा अटीची आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत, बर्कली आणि यूसीएलए यांच्यासकट, अर्ली हा प्रकारच नाही. पालक मला ‘स्टॅनफर्डला ईडी टाकतोय’ म्हणतात तेव्हा मला कळतं की अजून वेबसाइट कुणी उघडलेली नाही.

आता पैसे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मोठ्या खासगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. म्हणजे ८० लाख रुपये. तुमचे ३० लाख म्हणजे साधारण ३३ हजार डॉलर. मधली तफावत वर्षाला ५७ हजार डॉलर आणि चार वर्षांची सव्वादोन लाख डॉलरच्या वर. शिवाय फी दरवर्षी वाढते आणि रुपया उतरतो. २०१४ साली डॉलर साठ-एकसष्ट रुपयांना होता हे आठवा. एवढी तफावत असलेला परदेशी विद्यार्थी कॉर्नेल, कोलंबिया, पेन, ड्यूक यांच्यापुढे जातो तेव्हा त्याने मदत मागितली आहे ही गोष्ट प्रवेश ठरवताना धरली जाते. अमेरिकन मुलांच्या बाबतीत हीच कॉलेजं तिकडे बघत नाहीत. आपल्या मुलांच्या बाबतीत बघतात. ईडीने जे थोडं झुकतं माप मिळतं, ते मदतीच्या रकान्यात खूण केली की बहुतेक खर्ची पडतं.

मग काही जण शक्कल लढवतात: ‘आत्ता मदत मागू नका, आत गेलं की बघू.’ हे अजिबात करू नका. बऱ्याच कॉलेजांचा परदेशी विद्यार्थ्यांसाठी नियम असा आहे की अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. शिवाय मदत मागितलीच नव्हती, तर ईडीच्या करारातून सुटायची ती एकमेव वाटही तुम्ही स्वतःच बंद केलेली असते. फ्लॅट गहाण ठेवून पहिलं वर्ष भरलं आणि दुसऱ्या वर्षी मुलाला परत बोलावलं, अशी घरं पुण्यात आहेत.

परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश ठरवणारी आणि प्रवेश दिल्यावर गरज पूर्ण भागवणारी अमेरिकन कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन, ब्राउन, नोत्र दाम, वॉशिंग्टन अँड ली. डार्टमथ आणि बोडन २०२२ पासून, ब्राउन तर २०२५ ला दाखल झालेल्या तुकडीपासून. यातली ईडी असलेली पाच: डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन, ब्राउन, वॉशिंग्टन अँड ली. मदत मागणाऱ्या भारतीय मुलाने ‘मोठ्या नावाला’ ईडी करायचीच असेल तर ती या पाचांत. बाकी आयव्ही लीगचा मोह सोडा.

पण ‘गरज पूर्ण भागवू’ या शब्दांतली गरज कोण ठरवतं? तुम्ही नाही. सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म १ ऑक्टोबरला उघडतो. त्यात दोघांचे पगार, आयकर रिटर्न, फॉर्म १६, बँकेतल्या ठेवी, म्युच्युअल फंड, राहता फ्लॅट, दुसरा फ्लॅट असेल तर तो, गावची जमीन, सगळं रुपयांत भरायचं. त्यावरून कॉलेज आपल्या सूत्राने सांगतं की हे कुटुंब वर्षाला अमुक देऊ शकतं. तुमचा आकडा ३० लाख आणि त्यांचा ४२ लाख, असं होऊ शकतं. विशेषतः सातबाऱ्यावर काकांबरोबर तुमचं नाव असेल, किंवा गुंतवणूक म्हणून वाकड-हिंजवडीला घेतलेला वन बीएचके असेल, तर तो आकडा फुगतो. वाटणी न झालेल्या शेतजमिनीत तुमचा हिस्सा किती, तिचं उत्पन्न किती, आजी-आजोबांच्या औषधांचा खर्च कोण करतं, हे समजावून सांगणारं एक पानी पत्र सोबत जोडायचं. तो फॉर्म वाचणाऱ्या बाईंना आयोवातल्या शेतीची कल्पना असते, बारामतीच्या सामाईक खात्याची नसते.

म्हणून ईडी ठरवण्याआधी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल टाका. कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता थोडक्यात लिहा आणि आमच्याकडून साधारण किती अपेक्षा असेल ते विचारा. काही छोटी कॉलेजं अंदाज कळवतात. काही नाही म्हणतात. वेबसाइटवरची, खर्चाचा अंदाज देणारी नेट प्राइस कॅल्क्युलेटरं बहुतेक अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेली असतात, त्यांचा आकडा वेदवाक्य समजू नका.

आणखी एक कागद स्वतः उघडून बघा. जवळपास प्रत्येक कॉलेज दरवर्षी कॉमन डेटा सेट प्रसिद्ध करतं. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधले की सापडतो. त्यात सी-२१ या कलमात ईडीचे अर्ज किती आणि घेतले किती ते असतं. सी-१ मध्ये एकूण. एकातून दुसरं वजा केलं की रेग्युलरचा खरा दर हाती येतो. जाहिरातीतली टक्केवारी बघायची गरजच नाही. सी-७ मध्ये कॉलेज कशाला किती महत्त्व देतं त्याचा तक्ता. त्यात ‘अर्जदाराने दाखवलेला रस’ या ओळीपुढे ‘महत्त्वाचा’ असेल तर तिथे ईडीला वजन आहे असं मी धरते. आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं कलम एच-६: परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती. एखाद्या कॉलेजात पाचशे परदेशी मुलं आणि मदत तीस जणांना, असं दिसलं तर तिथे तुमच्या ईडीचा काय उपयोग ते तुम्हीच ठरवा. कार्नेगी मेलन घ्या. कॉम्प्युटर सायन्ससाठी पहिल्या रांगेतलं, आपल्याकडच्या प्रत्येक यादीत असतं आणि तिथे ईडीही आहे. परदेशी विद्यार्थ्याला आर्थिक मदत मात्र देत नाही. तुमच्या बजेटला ते नाव यादीतून आजच खोडलं तरी चालेल.

मग राहतं काय? ज्यांची नावं पुण्यात कुणी घेत नाही ती कॉलेजं. आयोवातलं ग्रिनेल, मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर. ही ऐपत बघून प्रवेश देतात हे खरं, पण ज्याला घेतात त्याची ठरलेली गरज भागवतात, आणि परदेशी मुलांसाठी दरवर्षी खरोखर पैसे बाजूला काढतात. माझा अनुभव असा की अशा ठिकाणी मदतीची थैली नोव्हेंबरात भरलेली असते आणि मार्चपर्यंत तिचा तळ दिसायला लागतो. मध्यम गरज असलेल्या चांगल्या विद्यार्थ्याला ईडीचा खरा उपयोग होतो तो इथे. ‘ग्रिनेल कोण?’ असं नातेवाईक विचारतील. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस तिथले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान मॅकॅलेस्टरचे. साखरपुड्यात कुणी विचारलं तर एवढं पुरतं.

पण मुलीला विचारा. ग्रिनेल हे काही हजार वस्तीचं गाव आहे, चहूकडे मक्याची शेतं, जानेवारीत उणे वीस. पुण्यात वाढलेल्या मुलीला ते मानवेल का? एका वर्गात पंधरा-वीस मुलं आणि प्राध्यापक नावाने ओळखतात, याचं तिला अप्रूप वाटतं की गुदमरल्यासारखं होतं? ईडी करायची म्हणजे बाकी सगळीकडून होकार आला असता तरी मी इथेच गेले असते, असं तिला मनापासून म्हणता आलं पाहिजे. मी मुलांना एक साधा प्रश्न टाकते. १५ डिसेंबरला होकार आला आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला दुसऱ्या, जास्त नावाच्या ठिकाणी मिळालं, तर तुला काय वाटेल? उत्तर द्यायला वेळ लागला तर मी ईडीचा विषय तिथेच थांबवते. आणि हा प्रश्न पालक खोलीत नसताना विचारायचा असतो.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत ज्यांच्याकडे कन्सल्टंटने लक्ष दिलेलं दिसत नाही. अकरावीचे ८१ टक्के आणि जेईई.

आपल्याकडे अकरावी म्हणजे सुट्टी असते. इंटिग्रेटेडवाल्या मुलांना ज्युनियर कॉलेजची इमारतही धड माहीत नसते. अमेरिकेला मात्र नववी ते बारावी अशी चार वर्षांची गुणपत्रकं लागतात आणि तिथे अकरावी सगळ्यात बारकाईने वाचतात. दहावीत ९६ वरून अकरावीत ८१ ही उतरण त्यांना दिसणार. एक नोव्हेंबरला अर्ज गेला तर त्यानंतर सावरल्याचा पुरावा म्हणून हातात फक्त बारावीची घटक चाचणी, फार तर प्रथम सत्राचे गुण. रेग्युलरला, जानेवारीत, प्रथम सत्राचा पूर्ण निकाल जोडता येतो आणि पूर्वपरीक्षेचे गुणही मागाहून कळवता येतात. चढता आलेख असलेल्या मुलाला ईडीची घाई महागात पडू शकते. सॅट १५१० चांगला आहे. तो ऑक्टोबरपर्यंत पुन्हा देऊन १५५० करावा का? मी तरी तो वेळ निबंधांना देईन.

जेईईचं असं की मेन्सचं पहिलं सत्र जानेवारीत, म्हणजे ईडीच्या निकालानंतर. घरात ठराव असा असतो: ईडी मिळाली तर ठीक, आणि जूनमध्ये आयआयटी मिळाली तर तिकडे जाऊ. हा ठराव आणि ईडीच्या करारावरची तुमची सही या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. मुलीच्या मनात मुंबई आयआयटी पहिली असेल, तर त्यात गैर काही नाही, पण मग ईडी करू नका; रेग्युलर आणि अर्ली ॲक्शन करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोज सहा तास क्लास आणि रात्री निबंध, याचा निकाल मी दरवर्षी बघते. निबंधात भौतिकशास्त्राचा कंटाळा उतरतो.

करार मोडला तर काय होतं, हे कुणी उघड विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतं. पोलीस येत नाहीत. पण तो करार शाळेच्या नावावरही असतो. २०२५ मध्ये अमेरिकेत बातमी गाजली होती: ईडीने घेतलेला विद्यार्थी आला नाही म्हणून ट्युलेन युनिव्हर्सिटीने त्याच्या शाळेतल्या मुलांना वर्षभर ईडीची दारं बंद केली. म्हणजे शिक्षा पुढच्या तुकडीला. ही शिक्षा न्याय्य आहे असं मला वाटत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईडीच्या या सगळ्या पद्धतीविरुद्ध ३२ नामवंत कॉलेजांवर बोस्टनच्या न्यायालयात दावाही दाखल झाला. पण दावा झाला म्हणून सही हलकी होत नाही. तुमच्या ज्युनियर कॉलेजातून पुढच्या वर्षी कुणी अर्ज करणार असेल तर त्याचा विचार तुम्हालाच करायचा आहे.

आता ती सही. एचएससीच्या मुलांची ईडी सगळ्यात जास्त वेळा इथे अडते, आणि याविषयी कुठे फारसं लिहिलेलं सापडत नाही. इंटरनॅशनल स्कूलमध्ये समुपदेशक नेमलेला असतो. त्याला कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज, पाठ असतो. ज्युनियर कॉलेजात तुम्हाला उपप्राचार्य शोधायचे आहेत. ऑफिसात गेलात की पहिलं वाक्य ऐकाल, ‘मार्कशीट दिलीय ना, आणखी काय पाहिजे?’ अमेरिकन कॉलेजांना हे पाहिजे: कॉमन ॲपवर समुपदेशक म्हणून खातं, शक्यतो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून, स्कूल रिपोर्ट, शाळेची एक पानी ओळख, शिफारसपत्र, आणि ईडी करारावर वेगळी संमती. नववी-दहावीचे गुण जुन्या शाळेकडून घ्यायचे, कारण आपल्याकडे दहावीनंतर संस्था बदलते. अमेरिकन वाचकाला ही गोष्ट विचित्र वाटते, तेव्हा शाळेच्या ओळखीच्या पानावर ती एका ओळीत सांगायची. एचएससीला ८५ टक्के म्हणजे काय, कॉलेजात किती जणांना ९० च्या वर मिळतात, हेही तिथेच. हे पान बहुतेक ज्युनियर कॉलेजांकडे तयार नसतं. तुम्ही मसुदा करून दिलात तर उपप्राचार्य आनंदाने दुरुस्त करून देतात.

आणि दिवाळी! १ नोव्हेंबर २०२४ ला लक्ष्मीपूजन होतं. अर्जाची शेवटची तारीख तीच. कॉलेजला सुट्टी, उपप्राचार्य गावी, फोन लागत नाही, आणि कॉमन ॲपवर करारापुढे ‘प्रलंबित’. करार वेळेत पोचला नाही म्हणून ईडीचा अर्ज रेग्युलरच्या ढिगात सरकवलेला मी पाहिला आहे. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे १ तारखेचा अर्ज सुट्टीच्या तोंडावर आणि १५ तारखेचा नेमका सुट्टीच्या पोटात. वेळेच्या बाबतीत एक दिलासा: कॉमन ॲपवर बहुतेक कॉलेजांची मुदत अर्जदाराच्या घड्याळाने रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत असते, पुण्याच्या मध्यरात्रीपर्यंत. पण तो दिलासा तुमच्यासाठी ठेवा, उपप्राचार्यांना सांगताना तारीख १५ ऑक्टोबर सांगा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन आडव्या गोष्टी. तुमच्या मुलाचा जन्म अमेरिकेत झाला असेल आणि तुम्ही नंतर पुण्या-मुंबईला परत आला असाल, तर तो अमेरिकन नागरिक आहे. राहतो कुठे, याने फरक पडत नाही; मदतीच्या हिशोबात तो देशी विद्यार्थी. त्याला सरकारी मदतीचा फाफ्सा हा फॉर्म भरता येतो, आणि कॉर्नेल, पेन, ड्यूक त्याची ऐपत बघत नाहीत. मी वर जी नावं खोडली ती त्याच्या यादीत परत येतात, आणि त्याला ईडी खरोखर कामाची. बरोबर उलट परिस्थिती एडिसन, न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर तिथे राहणाऱ्या, मराठी मुलांची. बालवाडीपासून तिथे शिकलेली, उच्चार तिथले, पण फाफ्सा त्यांना बंद आणि कित्येक खासगी कॉलेजांच्या मदतीच्या हिशोबात ती परदेशी. त्यांच्या आई-वडिलांना हे बहुधा ऑक्टोबरातच कळतं. त्यांनी प्रत्येक कॉलेजला लेखी विचारावं, आणि राज्याच्या विद्यापीठात स्थानिक फी लागते का ते राज्यागणिक तपासावं.

नोव्हेंबरची ईडी हुकली तर जानेवारीच्या सुरुवातीला दुसरी फेरी असते, ईडी टू. निकाल फेब्रुवारीच्या मध्याला. बोडन, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर यांच्याकडे ती आहे. ब्राउन, डार्टमथ यांच्याकडे नाही. डिसेंबरात नकार आला की घराघरांत घबराट होते आणि दोन दिवसांत कुठेतरी ईडी टू टाकली जाते. त्यापेक्षा ईडी टू कुठे, हे ऑक्टोबरातच ठरवून ठेवा, डोकं शांत असताना. नकार न येता ‘डिफर’ आलं, तर अर्ज रेग्युलरला ढकलला एवढाच त्याचा अर्थ, आणि करार सुटलेला असतो. त्या क्षणापासून ती मोकळी. मग प्रथम सत्राचे गुण आणि एक छोटं पत्र पाठवायचं, रोज एक ईमेल नाही.

व्हिसाचंही डोळ्याआड करू नका. २०२५ च्या मे अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या. ईडीच्या होकारानंतर काहीशे डॉलर अनामत जानेवारीच्या सुमारास भरावी लागते, ती परत मिळत नाही. भारतातला किंवा इंग्लंडचा एखादा पर्याय हाताशी असावा. ब्रिटनचा अर्ज ईडीबरोबर चालतो, होकार आल्यावर मागे घ्यायचा. नोव्हेंबरात ईडीसोबत सरकारी विद्यापीठांची अर्ली ॲक्शनही बहुधा चालते. पेनसारखी काही ठिकाणं दुसऱ्या खासगी कॉलेजची अर्ली चालवून घेत नाहीत, तेव्हा प्रत्येकाचं पान वाचा. फक्त पर्ड्यूसारख्या ठिकाणीही परदेशी मुलाचा खर्च वर्षाला ४० लाखांच्या आसपास जातो, हे तुमच्या ३० च्या पुढे आहे.

आता तुमच्या मुलीपुरतं, स्पष्ट. कॉर्नेल, पेन, कोलंबियाला ईडी नको. ब्राउनचं मन होईल, कारण कॉम्प्युटर सायन्स आणि अर्थशास्त्र असा जोडअभ्यासक्रमच तिथे आहे आणि ऐपतही बघत नाहीत; पण ८१ टक्क्यांवर, शाळा किंवा खेळाचा कोणताही आधार नसताना, तिची एकुलती एक ईडी मी तिथे लावणार नाही. ब्राउनला रेग्युलरने अर्ज करा, प्रथम सत्राचे गुण हातात असतील. ईडी करायचीच तर ग्रिनेल किंवा मॅकॅलेस्टरच्या जातीचं कॉलेज, आणि तेही तीन गोष्टी जमल्या तर: मदत कार्यालयाचा अंदाज तुमच्या ३० लाखांच्या जवळपास आला, जेईई मागे ठेवायला ती स्वतः तयार झाली, आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी दोनदा-तीनदा व्हिडिओवर बोलल्यानंतरही तिला जावंसं वाटलं. यातली एकही अडली तर ईडी नको. पाच-सहा रेग्युलर अर्ज, त्यात गुणवत्तेवर स्कॉलरशिप देणारी दोन कॉलेजं, आणि एप्रिलमध्ये आलेली पत्रं शेजारी शेजारी ठेवून तुलना. ईडीत ही तुलनाच करता येत नाही, आणि ३० लाखांची मर्यादा असलेल्या घराला तुलनेची गरज सगळ्यात जास्त.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: दोघांचे गेल्या वर्षाचे रिटर्न आणि फॉर्म १६ एका फोल्डरमध्ये काढा, मदत कार्यालयांना ईमेल पाठवा, आणि सोमवारी कॉलेज उघडलं की उपप्राचार्यांची वेळ घ्या. जाताना नववी-दहावीच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स न्या. मूळ प्रती ऑफिसात ठेवून येऊ नका.